वस्तुस्थिती : रिकामं खोकं किती जागा खातं?



गेल्या दिवाळीत या सदरात आपण प्रेशर कुकरची शिट्टी सुटी करून पाहिली होती. यंदा त्याहून साधी वस्तू घेतली आहे : खोकं. देश बदलून आलेल्या माणसाच्या घरी दुसरं काही नसलं तरी खोकी असतातच. आपल्यातल्या बहुतेकांनी इथलं पहिलं घर बदललं ते सुपरमार्केटमधून मागून आणलेल्या केळ्यांच्या खोक्यांत सामान भरून. ते खोकं नीट बघा. दोन्ही बाजूंना हात घालायला भोकं, वरचं झाकण खालच्या भागावर पूर्ण उतरणारं, म्हणजे पुठ्ठ्याची भिंत दुहेरी. आत साधारण १८ किलो केळी. तळाला हवेसाठी मोठं भोक, म्हणून आपण तिथे वर्तमानपत्र घालतो, नाहीतर चमचे रस्त्यावर. फुकट मिळणाऱ्या वस्तूत इतका विचार केलेला असतो.

पण आज मला बोलायचं आहे ते घडी होणाऱ्या आणि एकावर एक रचता येणाऱ्या खोक्यांबद्दल, ज्यांना आपण सर्रास क्रेट म्हणतो. कारण असं की आपल्या मंडळाने कार्यक्रमांसाठी स्टीलची ताटं घ्यायचं ठरवलं आहे. दर वेळी कचऱ्याच्या चार-पाच मोठ्या पिशव्या भरून कागदी ताटल्या टाकायच्या, हे कुणालाच बरं वाटत नव्हतं. ताटं घेणं सोपं आहे. ती ठेवायची कुठे, उचलायची कुणी आणि हॉलपर्यंत न्यायची कशी, हे अवघड आहे. अशा चांगल्या योजना बहुतेक वेळा खोक्यांपाशीच अडतात. म्हणून हा लेख.

पेटोनीत आलेल्या घडीच्या गाड्या

आपल्या लोअर हटला खोक्यांचा इतिहास आहे. पेटोनीत १९२६ साली जनरल मोटर्सचा कारखाना सुरू झाला आणि सीव्ह्यूला १९३६ साली फोर्डचा. या कारखान्यांत गाड्या पहिल्यापासून बनत नव्हत्या, जोडल्या जात होत्या. गाडीचे सुटे भाग लाकडी पेट्यांत भरून बोटीने यायचे आणि आपल्या या खोऱ्यातले कामगार ते जोडून गाडी उभी करायचे. सुटे भाग आणून इथे जोडले तर जकात कमी, आणि इथल्या माणसांना काम, ही कारणं होतीच. पण आणखी एक साधं कारण होतं. उभी गाडी म्हणजे बरीचशी हवा. माणसं बसायची जागा, चाकांखालची जागा, इंजिनाभोवतीची जागा. बोटीवर पैसे मोजायचे ते जागेचे, आणि हवेसाठी कोण पैसे मोजेल?

त्या पेट्यांचं लाकूडही वाया गेलं नाही. न्यूझीलंडभर लोकांनी गाड्यांच्या पेट्यांच्या फळ्यांतून शेड उभारल्या, कोंबड्यांची खुराडी केली, समुद्रकाठची छोटी सुट्टीची घरंसुद्धा बांधली. पेटी परत पाठवायची नव्हती, म्हणून तिचं दुसरं काहीतरी झालं.

या गोष्टीतून दोन प्रश्न निघतात आणि कुठलंही खोकं निवडताना हेच दोन प्रश्न आधी विचारावेत. पहिला : घडी कशाची करायची, खोक्याची की आतल्या वस्तूची? दुसरा : खोकं रिकामं झाल्यावर त्याचं काय होणार? आपण खोकं विकत घेताना ते भरलेलं डोळ्यांसमोर आणतो. किती मावेल, किती वजन पेलेल, हे बघतो. पण खोक्याचं अर्धं आयुष्य रिकामं जातं, आणि रिकामं असताना ते जागा खातं.

उतरंड, डबा आणि जाळी

एकावर एक रचणं आपल्याला नवीन नाही. इथे वाढलेल्या मुलांसाठी सांगतो : जुन्या घरांत स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मातीच्या मडक्यांची रांग असायची. सगळ्यांत मोठं मडकं खाली, त्यावर त्याहून लहान, असं करत वर अगदी छोटं. याला उतरंड म्हणतात. वरचं मडकं हेच खालच्याचं झाकण. डाळी, कडधान्यं, मीठ सगळं त्यात, आणि घरातल्या बायकांनी बाजूला टाकलेले चार पैसेही बऱ्याचदा त्यातच. जागा फक्त खालच्या मडक्याएवढी लागायची. उतरंडीचा दोष एकच. सगळ्यांत खालच्या मडक्यातलं काही हवं असेल तर सगळी उतरंड उतरवावी लागते. हा दोष लक्षात ठेवा, गराजच्या वेळी पुन्हा येईल.

दुसरं उदाहरण मुंबईच्या डबेवाल्यांचं. १८९०च्या सुमारास सुरू झालेली ही सेवा. लांबट लाकडी पाटीत डबे रचून ती डोक्यावर घ्यायची. गंमत बघा, डबा रिकामा झाला तरी लहान होत नाही. सकाळी जेवढी जागा तेवढीच दुपारी. तरीही डबेवाल्यांना घडीच्या डब्याची गरज पडली नाही, कारण तोच माणूस त्याच वाटेने त्याच दिवशी परत जातो. जाताना पाटी भरलेली, येतानाही भरलेली, फक्त हलकी. रिकाम्यासाठी वेगळी खेप नाही. जिथे परतीची वाट आधीच ठरलेली आणि फुकट आहे, तिथे घडी घालण्याचा खटाटोप करू नये.

तिसरं उदाहरण मात्र डोक्याला ताप देणारं आहे. नाशिक जिल्ह्यातलं पिंपळगाव बसवंत आणि जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव, या दोन्ही ठिकाणी टोमॅटोचे मोठे बाजार भरतात. तिथे भाव बोलला जातो तो २० किलोच्या क्रेटला. नाशिककडे क्रेटला ‘जाळी’ही म्हणतात, कारण भिंतींना हवेसाठी जाळी असते. पूर्वी टोमॅटो बांबूच्या करंड्यांत आणि लाकडी खोक्यांत यायचा. करंडीवर करंडी रचली की सगळा भार खालच्या टोमॅटोवर. प्लास्टिकचं क्रेट आलं आणि भार टोमॅटोवरून क्रेटच्या भिंतींवर गेला. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा बदल छोटा नाही. चेपलेला टोमॅटो म्हणजे बाजूला काढलेला टोमॅटो.

पण क्रेट फुकट नाही, त्याला काही शे रुपये पडतात. जुलै २०२३ मध्ये नारायणगावला २० किलोच्या क्रेटचा भाव दोन हजार रुपयांच्या वर गेला होता. त्याआधी ऑगस्ट २०२१ मध्ये भाव किलोला दोन-तीन रुपयांवर आला आणि लोकांनी टोमॅटो रस्त्यावर ओतला. हिशेब करा. किलोला तीन रुपये म्हणजे क्रेटभर टोमॅटोचे ६० रुपये. आतल्या मालापेक्षा बाहेरचं क्रेट कितीतरी महाग! टोमॅटो ओतून देता येतो, क्रेट मात्र घरी परत न्यावंच लागतं. म्हणून बाजारातून परतणाऱ्या पिकअप गाड्या बघा : मागे रिकाम्या क्रेटची दोरखंडाने बांधलेली माडी, आत निव्वळ हवा, आणि डिझेल मात्र खऱ्या पैशांचं.

तीन जातींची क्रेट

रिकाम्या क्रेटच्या हवेवर उपाय दोन. एक, क्रेट एकमेकांच्या पोटात घालायची. दोन, त्यांची घडी करायची. साधं सरळ भिंतींचं क्रेट धरलं तर एकूण तीन जाती झाल्या. आकडे घेऊन बघू म्हणजे फरक कळेल. तिन्ही क्रेट ६०० मिलिमीटर लांब, ४०० रुंद आणि ३०० उंच धरा. प्रत्येकी दहा क्रेट रिकामी करून रचायची आहेत.

सरळ भिंतींचं क्रेट : दहा रिकाम्या क्रेटची रास तीन मीटर उंच. भरलेली असतानाही तीन मीटर. बचत शून्य.

पोटात जाणारं क्रेट : याच्या भिंती खाली निमुळत्या असतात, बादलीसारख्या. पहिल्याची उंची ३०० आणि पुढच्या प्रत्येकाने फक्त १०० वाढली, तर रास सव्वा मीटरच्याही आत, १२०० मिलिमीटर.

घडीचं क्रेट : प्रत्येकाची घडी ९० मिलिमीटर धरली तर दहांची रास ९००.

पहिल्या आणि दुसऱ्यात खूप फरक आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्यात मात्र वाटतो तेवढा नाही. मग घडीच्या क्रेटला एवढा मान का? कारण बादलीसारख्या क्रेटचं नुकसान भरलेल्या खेपेत होतं. तळाशी प्रत्येक बाजूने २५ मिलिमीटर आत गेलं तर तळ ५५० बाय ३५० चा उरतो आणि पोटातली सुमारे दहा टक्के जागा जाते. म्हणजे दहा गाड्यांचा माल न्यायला अकरावी गाडी लागते. माल पेटोनीहून वेलिंग्टनला जात असेल तर चालून जाईल. हजार किलोमीटर जात असेल तर नाही.

निमुळत्या क्रेटमध्ये आणखी एक पेच. रिकामं असताना ते दुसऱ्याच्या पोटात जायला हवं, पण भरलेलं असताना अजिबात जाता कामा नये, नाहीतर खालच्या मालाचा लगदा. यावर छान युक्ती आहे. क्रेटच्या भिंतींत खाचा आणि टेकू अशा बसवतात की एका दिशेने ठेवलं तर वरचं क्रेट टेकूवर बसतं आणि उलटं फिरवून ठेवलं तर खाचांतून आत सरकतं. म्हणून अशा क्रेटच्या दोन टोकांना बऱ्याचदा दोन वेगळे रंग किंवा खुणा असतात. ब्रेडच्या गाडीतून माल उतरवणारा माणूस ट्रे गर्रकन फिरवून ठेवतो ना, तो याचसाठी. दुसरी युक्ती म्हणजे वरच्या काठावर आत-बाहेर फिरणारी तारेची कमान.

घडीच्या क्रेटचं दुखणं वेगळं. घडी म्हणजे बिजागरी आणि बिजागरी म्हणजे मोडायची जागा. शिवाय बिजागरीच्या फटीत माती, पानं, रस साचतो आणि ते धुवायला वेळ लागतो. घडीचं क्रेट महागही असतं. म्हणून पिंपळगावच्या शेतकऱ्याने सरळ भिंतींचं दणकट क्रेट पसंत केलं तर त्यात मागासलेपणा काही नाही. शेतात आपटायचं, चिखलात ठेवायचं, गाडीत फेकायचं, आणि बाजार बहुधा काही तासांच्या अंतरावर. युरोपातल्या सुपरमार्केटांत मात्र घडीची क्रेट रुळली. जर्मनीत १९९२ मध्ये सुरू झालेल्या इफ्कोसारख्या कंपन्यांनी क्रेट विकण्याऐवजी भाड्याने द्यायला सुरुवात केली. शेतकरी क्रेट भरतो, दुकान रिकामं करतं, कंपनी घड्या गोळा करून धुते आणि पुढच्याला देते. धुण्याची आणि दुरुस्तीची जबाबदारी एका ठिकाणी आली, म्हणून बिजागरीचा खर्च परवडला. घडीच्या क्रेटमागे असा सांभाळणारा कुणीतरी लागतो. तो नसेल तर दोन वर्षांत निम्म्या क्रेटच्या खिट्ट्या तुटलेल्या असतात.

घडी कशी पडते?

आता थोडी भूमिती. आठवी-नववीतल्या मुलांनी कागद-पेन्सिल घ्यावी.

क्रेट ६०० बाय ४०० का असतं? कारण इथल्या पॅलेटचं नेहमीचं माप आहे १२०० बाय १००० मिलिमीटर. त्यावर ६०० बाय ४०० ची बरोबर पाच क्रेट बसतात, तसूभरही जागा न सोडता. तीन एका दिशेने ठेवा : ४०० च्या तीन बाजू मिळून १२००. उरलेल्या ४०० च्या पट्टीत दोन आडवी : ६०० अधिक ६००. युरोपच्या १२०० बाय ८०० च्या पॅलेटवर चार बसतात. क्रेटचं माप मालावरून ठरत नाही, ते ज्यावर बसायचं त्यावरून ठरतं. दुकानात ५८० बाय ४३० असलं काही दिसलं तर घेण्याआधी दोनदा विचार करा. ते एकटं छान दिसेल, चारचौघांत बसणार नाही.

आता भिंती आत दुमडू. आखूड भिंती ३०० उंच आहेत. दोन्हीकडून आत पाडल्या की ३०० अधिक ३०० म्हणजे ६००, तळाच्या लांबीएवढ्याच. एकमेकींना भिडून सपाट बसतात. एक थर झाला. लांब भिंतीही ३०० उंच, पण तळाची रुंदी ४०० च. दोन्ही पाडल्या तर ६०० होतात, म्हणून एकीवर दुसरी चढते. आणखी दोन थर. एकूण तीन थर आणि तळ. प्रत्येक थर २० मिलिमीटरचा आणि तळ ३० चा धरला की ९०. वर घेतलेला आकडा तिथूनच आला.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, थर तीन असतील तर बिजागऱ्यांच्या उंचीही तीन लागतात. सगळ्या बिजागऱ्या एकाच उंचीवर बसवल्या तर वरची भिंत खालच्या भिंतीवर आडवी पडणारच नाही, तिरकी उभी राहील. म्हणूनच घडीच्या क्रेटमध्ये कुठली भिंत आधी पाडायची याचा क्रम ठरलेला असतो. त्या क्रमाशी भांडणारे स्वयंसेवक हेच खिट्ट्या तुटण्याचं मुख्य कारण. दोन, क्रेटची उंची २०० च्या आत ठेवली तर लांब भिंतीही एकमेकींवर न चढता बसतात, २०० अधिक २०० बरोबर ४००. एक थर वाचतो. शिवाय उथळ क्रेटमध्ये टोमॅटोवर टोमॅटोचा भार कमी. नाजूक मालाला उथळ क्रेट दोन्ही बाजूंनी फायद्याचं.

दुसऱ्या एका प्रकारात लांब भिंतीला मधोमध आडवी बिजागरी असते आणि वरचा काठ अखंड चौकटीसारखा राहतो. आखूड भिंती आत वर उचलल्या की चौकट खाली येते आणि लांब भिंती मधून आत दुमडतात. चौकट अखंड असल्यामुळे भरलेल्या क्रेटचं पोट बाहेर फुगत नाही. सुटा माल, म्हणजे बटाटे, कांदे, नारळ भरायचे असतील तर हा प्रकार बरा, कारण असा माल भिंतींना सतत बाहेर ढकलत असतो.

वजन पेलायची जबाबदारी कोपऱ्यांची. अखंड क्रेटचा कोपरा म्हणजे घराचा खांब. घडीच्या क्रेटमध्ये कोपऱ्यातच दोन भिंती वेगळ्या होतात, म्हणजे खांबालाच चीर. म्हणून विकत घेताना कोपरा बघा. खिट्टी लागल्यावर भिंत हलते का? वरच्या क्रेटचे पाय खालच्याच्या काठात नीट अडकतात का? मग काठावर हात ठेवून तिरकं ढकला. ते आखडून राहिलं तर घ्या, डुलायला लागलं तर ठेवून द्या.

प्लास्टिकबद्दल थोडक्यात. क्रेट मुख्यतः दोन प्रकारच्या प्लास्टिकची : पॉलिप्रॉपिलीन आणि हाय डेन्सिटी पॉलिएथिलीन. पहिलं जास्त ताठ, पण साधं पॉलिप्रॉपिलीन गोठणबिंदूच्या आसपास ठिसूळ होतं. दुसरं थोडं लवचीक, पण थंडीत आपटलं तरी सहसा फुटत नाही, म्हणून शीतगृहात ते बरं. दोन्हींचा शत्रू इथलं ऊन. डेकवर दोन उन्हाळे राहिलेलं स्वस्त क्रेट हातात खडूसारखं तुटतं. क्रेट सावलीत ठेवा.

आणि लाकूड? लाकडी पेटीत पेंढा घालून आलेल्या हापूसची सर कशालाच नाही, पण परदेशी पाठवताना कच्च्या लाकडाला आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे कीडमुक्त करावं लागतं. एक पद्धत म्हणजे लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णता ३० मिनिटं. तसा शिक्का फळीवर असतो, कधी पॅलेट दिसलं तर शोधा. पेंढा आणि माती यांच्याबाबत न्यूझीलंड किती कडक आहे ते आपण विमानतळावर बूट दाखवताना अनुभवलेलंच आहे. प्लास्टिकला हा नियम लागत नाही. ते धुतलेलं असलं म्हणजे झालं.

आपल्या गराजमध्ये

आता आपल्या मंडळाच्या ताटांकडे येऊ. आपल्याला १६० ताटं घ्यायची आहेत. स्टीलचं ३० सेंटिमीटरचं ताट साधारण ३५० ग्रॅमचं धरू. सगळी मिळून ५६ किलो. एकाच क्रेटमध्ये भरली तर पैलवान बोलवावा लागेल. माझी सूचना अशी की मंडळाचं कुठलंही क्रेट १५ किलोच्या वर जाऊ देऊ नये. हॉलच्या पायऱ्या चढणाऱ्यांत काकाही असतात आणि चौदा वर्षांची मुलंही. ४० ताटांचे १४ किलो. म्हणजे चार क्रेट.

माप पुन्हा बघा. ६०० बाय ४०० च्या क्रेटची आतली जागा साधारण ५६० बाय ३६०. ३० सेंटिमीटरच्या ताटांचे दोन गठ्ठे शेजारी बसत नाहीत, ४० मिलिमीटर कमी पडतात. एकच गठ्ठा बसतो. तो कडेला ठेवला तर क्रेट एका बाजूला कलतं आणि मनगट धरतं. म्हणून गठ्ठा मधोमध ठेवायचा आणि दोन्ही बाजूंना टेबलावर घालायच्या चादरी घडी करून कोंबायच्या. वजन मधे राहतं, ताटांचा खणखणाट थांबतो आणि चादरींनाही जागा मिळते. वाट्या, पेले आणि चमचे वेगळ्या क्रेटमध्ये.

ही ताटांची क्रेट घडीची घ्यायची का? नाही. ताटं वर्षभर त्यांच्यातच राहणार. जे क्रेट कधी रिकामं होत नाही त्याला घडीचा काय उपयोग? तिथे सरळ भिंतींचं, झाकणाचं, दणकट क्रेट घ्यावं. घडीची क्रेट घ्यायची ती कार्यक्रमाच्या दिवसासाठी : भाजी, फळं, नारळ, पाण्याच्या बाटल्या, घराघरांतून गोळा होणारा फराळ. ही सकाळी भरलेली जातात आणि रात्री रिकामी येतात. अशी दहा क्रेट रात्री घडी करून एका छोट्या गाडीच्या डिकीत येतील आणि एरवी कपाटामागे उभी राहतील.

मखराची गोष्ट आणखी निराळी. तिथे खोक्याची नाही, वस्तूचीच घडी करायला हवी, पेटोनीच्या गाड्यांसारखी. मखर नवीन करताना प्रत्येक फळी ६०० बाय ४०० च्या पटीत कापली आणि खिळ्यांऐवजी बिजागऱ्या आणि नट-बोल्ट वापरले, तर गणपतीनंतर सगळं मखर क्रेटच्या राशीवर सपाट झोपेल. नट-बोल्ट एका पिशवीत घालून ती पिशवी मुख्य फळीलाच बांधायची. पुढच्या भाद्रपदात तिचा शोध घ्यावा लागू नये.

रचण्याबद्दल मात्र मी गंभीरपणे सांगतो. आपण राहतो ते खोरं वेलिंग्टनच्या भूभ्रंशावर आहे, तो पश्चिमेच्या डोंगरांच्या पायथ्याने जातो. १४ नोव्हेंबर २०१६ च्या मध्यरात्रीनंतर काइकोउराचा ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा केंद्र दूर दक्षिण बेटावर होतं, तरी वेलिंग्टनच्या बंदरात कंटेनर हलवण्याचं काम कोलमडलं आणि आपल्या क्वीन्सगेटचा काही भाग पाडावा लागला. गराजमध्ये डोक्याच्या वर रचलेली ताटांची क्रेट म्हणजे एकेक १४ किलोचा दगड. म्हणून जड क्रेट नेहमी जमिनीवर, रास छातीच्या वर नाही, रिकाम्या घड्या सगळ्यांत वर, आणि रास पट्ट्याने भिंतीच्या लाकडी खांबाला बांधलेली. दाराच्या वाटेत काहीही नको. रास चार क्रेटची असली की उतरंडीचा दोषही फारसा जाणवत नाही, तळचं काढायला तीनच उचलावी लागतात. जमिनीवर मात्र खाली दोन पट्ट्या टाकून मगच क्रेट ठेवा. आपल्याकडच्या ओलसर हिवाळ्यात सिमेंटला पाणी सुटतं. पुठ्ठ्याची खोकी दमट हवेत मऊ पडतात आणि खालचं खोकं आधी बसतं, तेव्हा ती गराजमध्ये रचूच नका.

शेवटचं काम लेबलाचं. लेबल झाकणावर लावलं तर रचल्यावर दिसत नाही, म्हणून दोन्ही आखूड बाजूंना लावा. मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही, आणि शेजारी एक चित्र. आजीला इंग्रजी अक्षरं लागत नाहीत आणि नातवाला देवनागरी, पण ताटाचं चित्र दोघांना कळतं. त्याखाली वजन लिहा आणि आत काय किती आहे ते लिहा. ज्याने क्रेट भरलं तो पुढच्या वर्षी ऑकलंडला राहायला गेलेला असू शकतो. क्रेट बघून कुठल्याही नव्या माणसाला काम सुरू करता आलं पाहिजे.

मुलांसाठी

सुट्टीत एक करून बघा. जाड पुठ्ठा घ्या आणि खऱ्या क्रेटच्या एक-पंचमांश मापाचा नमुना बनवा. तळ १२० बाय ८० मिलिमीटर. दोन भिंती ८० रुंद आणि ६० उंच, दोन भिंती १२० रुंद आणि ६० उंच. चिकटपट्टीच्या बिजागऱ्या लावा, आधी सगळ्या एकाच उंचीवर, आणि घडी करून बघा कुठे अडतं. मग आखूड भिंती तळालाच ठेवून पहिली लांब भिंत एका पुठ्ठ्याच्या जाडीने वर घ्या आणि दुसरी दोन जाडींनी. त्यानंतर सगळ्याच भिंतींची उंची ४० करून तोच खेळ पुन्हा. प्रत्येक वेळी घडीची जाडी मोजून लिहून ठेवा. शेवटी उभ्या नमुन्यावर एकेक पुस्तक ठेवत जा आणि सगळ्यांत आधी काय वाकतं ते बघा : तळ, भिंत की कोपरा?

ज्यांचा नमुना सगळ्यांत जास्त पुस्तकं पेलेल त्यांनी तो दिवाळीच्या कार्यक्रमाला घेऊन या. ताटांच्या क्रेटची खरेदी त्यानंतरच करू, आणि दुकानात कोपरे तपासायला तुम्हालाच बरोबर नेऊ.

पुढच्या अंकात पोळपाट-लाटण्याबद्दल.